जमालगोट्याचा चकवा

सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधींच्या एखाद्या जुन्या दुकानात जमालगोटा मागितला, तर दुकानदार आधी मागणाऱ्याचा चेहरा न्याहाळतो आणि मग "कशाला पाहिजे?" असे विचारतो. त्याचे विचारणे रास्त आहे. बी दिसायला एरंडीच्या जवळचे, पण एरंडीवरची नक्षी त्याला नसते. रंग मळकट तपकिरी, लांबी सेंटिमीटरभर किंवा थोडी अधिक, टरफल ठिसूळ. आत दोन पांढरट दळे आणि त्यांच्यात पुरेपूर भरलेले तेल. या तेलाचा थेंब कातडीवर पडला तर तिथे फोड येतो, आणि पोटात गेला तर जे होते त्यावर आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले असले, तरी ज्याच्यावर प्रसंग गुदरतो त्याच्या जिवावर बेतू शकते.

आयुर्वेदात या बीला जयपाल म्हणतात आणि शोधन केल्याशिवाय ते वापरत नाहीत. माझे मामा वैद्य होते. शोधनाच्या दिवशी ते टरफल फोडत, दोन्ही दळे अलग करत, मधली पातळ जिभली चिमट्याने उचलून बाजूला टाकत आणि उरलेल्या दळांची फडक्यात पुरचुंडी बांधून ती दुधाच्या भांड्यात काठीला अधांतरी लोंबकळत ठेवून उकळत. ते दूध कुणाच्या, अगदी मांजराच्याही तोंडी लागू नये म्हणून परसातल्या खड्ड्यात स्वतः ओतून वर माती ओढत. इच्छाभेदी रसात हेच शोधलेले बी पडते. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला त्या तेलात नेमके काय आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; ते रसायन जर्मनीत हायडेलबर्गला एरिक हेकर यांच्या प्रयोगशाळेत वेगळे होईपर्यंत १९६० चे दशक उजाडावे लागले. मी मात्र जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातले असल्यामुळे मला या बीकडे पाहिले की मामांच्या आधी प्रथिनांचे एक घराणे आठवते. त्याचे नाव प्रोटीन कायनेझ सी. या घराण्याची कीर्ती जमालगोट्याच्या तेलाने वाढवली आणि त्याच तेलाने कर्करोगाच्या संशोधकांना तीस वर्षांहून अधिक काळ चकव्यात फिरवले.

कायनेझ म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा शेवटचा फॉस्फेट उचलून तो दुसऱ्या प्रथिनावर बसवणारे विकर (एन्झाइम). फॉस्फेटवर दुहेरी ऋणभार असतो. तो जिथे बसतो तिथे प्रथिनाची घडी, त्याचे चिकटणे-सुटणे आणि पुष्कळदा त्याचे कामच बदलते. स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन फोडणारे विकर अशा एका फॉस्फेटमुळे सुरू होते, हे सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात दाखवले आणि १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले. मानवी जनुकसंच वाचून झाल्यावर २००२ साली कायनेझांची जी मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यात ५१८ नावे होती. एवढी नावे असली तरी बहुतेकांचा गाभा एकच आहे. वरचा लहान खंड मुख्यतः पट्ट्यांचा, खालचा मोठा खंड मुख्यतः मळसूत्री वळणांचा, आणि दोहोंमधल्या खोबणीत एटीपी. हा आराखडा प्रथम १९९१ साली सॅन दिएगोत सुझन टेलर यांच्या प्रयोगशाळेने प्रोटीन कायनेझ ए या विकराच्या स्फटिकातून पाहिला. घराण्याघराण्यांत फरक पडतो तो या गाभ्याला जे शेपूट किंवा डोके जोडलेले असते त्यात, आणि प्रोटीन कायनेझ सीचे सगळे वैशिष्ट्य त्याच्या डोक्याकडच्या भागात आहे.

कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका यांच्या गटाला १९७७ साली उंदराच्या मेंदूत एक कायनेझ सापडले. ते तसे निष्क्रिय असे, पण प्रथिने कापणाऱ्या विकराने त्याचा एक तुकडा तोडला की कामाला लागे. दोनेक वर्षांत लक्षात आले की तोडण्याची गरजच नाही. पेशीपटलातील स्निग्ध द्रव्ये आणि कॅल्शियम मिळाले तरी ते सुरू होते. यातला सगळ्यात देखणा भाग असा, की मेंदूतून काढलेले अर्धशुद्ध स्निग्ध द्रव्य चांगले काम करी आणि बाजारातून आणलेले शुद्ध द्रव्य तितकेसे करीत नसे. अशुद्ध मालात जे भेसळीसारखे होते तेच खरे कारण निघाले, आणि ते म्हणजे डायअसिलग्लिसरॉल. पेशीच्या बाहेरून संप्रेरकाचा निरोप आला की पटलातल्या एका फॉस्फोलिपिडाचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पाण्यात विरघळून कॅल्शियम मोकळे करतो, आणि दुसरा, म्हणजे हे डायअसिलग्लिसरॉल, पटलातच राहून प्रोटीन कायनेझ सीला बोलावून घेतो. काही क्षणांत त्याचे रूपांतर दुसऱ्या पदार्थात होते आणि बोलावणे संपते. हा 'काही क्षणांत' पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

माणसात या घराण्याची नऊ जनुके आहेत. अल्फा, बीटा आणि गॅमा ही जुनी, रूढ शाखा. तिला कॅल्शियम आणि डायअसिलग्लिसरॉल दोन्ही लागतात. डेल्टा, एप्सिलॉन, ईटा आणि थीटा या नव्या शाखेला कॅल्शियम लागत नाही. झीटा आणि आयोटा या तिसऱ्या शाखेला दोहोंपैकी काहीच लागत नाही. ती दुसऱ्या प्रथिनांच्या संगतीने चालते आणि पेशीची वरची-खालची बाजू ठरवण्यासारखी कामे करते. घराण्याच्या मूळ कथेत ती जरा दूरची नातेवाईक आहे, म्हणून तिला इथेच सोडतो.

रूढ शाखेतल्या अल्फाचे उदाहरण घेऊ. तो ६७२ अमिनो आम्लांचा आहे. शेवटचा मोठा भाग कायनेझचा गाभा. त्याच्या आधी सी२ नावाचा भाग, जो कॅल्शियम धरून पटलाला चिकटतो. त्याआधी सी१ चे दोन भाग, प्रत्येकी जेमतेम पन्नास अमिनो आम्लांचे, जस्ताचे दोन अणू धरून घट्ट बसलेले. आणि अगदी सुरुवातीला एक लहानसा पट्टा, ज्याला मी या साऱ्या रचनेतली सर्वांत चतुर गोष्ट मानतो. ज्या प्रथिनांवर हे कायनेझ फॉस्फेट बसवते, त्यांच्यावरच्या लक्ष्यस्थळी सेरीन किंवा थ्रिओनीन असते आणि आजूबाजूला धनभारित अमिनो आम्ले. हा पट्टा शेजारपाजाराने हुबेहूब तसाच आहे. फक्त सेरीनच्या जागी अ‍ॅलनीन आहे, ज्यावर फॉस्फेट बसू शकत नाही. हे १९८७ साली कॉलिन हाऊस आणि ब्रूस केम्प यांनी दाखवले. वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून लावलेल्या अडण्यासारखा हा पट्टा गाभ्याच्या खोबणीत आडवा बसतो आणि जोवर तो तिथे आहे तोवर बाहेरचे काही आत शिरत नाही. सी१ ने डायअसिलग्लिसरॉल धरले, सी२ ने कॅल्शियमसह पटल धरले, की त्या ओढीने पट्टा खोबणीतून निघतो आणि कायनेझ उघडते.

हे विकर तयार होते तेव्हा लगेच बंद नसते, हेही इथे सांगायला हवे, कारण पाठ्यपुस्तके ते घाईत उरकतात. नुकतेच बनलेले प्रथिन उघडे आणि अस्थिर असते. त्याच्या गाभ्यावर आणि शेपटावर क्रमाने तीन ठिकाणी फॉस्फेट बसतात, पहिल्याची सोय पीडीके-१ नावाचे दुसरे एक कायनेझ करते, आणि ते झाल्यावरच घडी पक्की होऊन पट्टा खोबणीत बसतो. म्हणजे फॉस्फेट लागले की विकर सुरू झाले, हा जो विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसलेला हिशेब असतो, तो इथे उलटा आहे. इथले फॉस्फेट विकराला पिकवतात आणि मिटवून ठेवतात. मिटलेले प्रथिन दीर्घकाळ टिकते. उघडलेल्यावरचे हे फॉस्फेट मात्र सहज निघून जातात, आणि ते निघाले की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. उघडे राहणे आणि टिकणे या दोन गोष्टी या घराण्याला एकत्र मिळालेल्या नाहीत.

आता तेलाकडे येतो. १९४० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लूम आणि फिलिप शुबिक यांनी उंदरांच्या कातडीवर केलेले प्रयोग कर्करोगशास्त्रात मैलाचा दगड मानले जातात. कर्करोगकारक रसायनाची एकच अल्प मात्रा लावली तर सहसा काही होत नसे; पण त्यानंतर जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे लावत राहिले, की गाठी येत. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग रसायन, तर गाठी येत नसत. यावरून कर्करोगाच्या दोन पायऱ्या ठरल्या: पहिल्या रसायनाने बीज पेरले जाते आणि तेलाने ते वाढीला लागते. पुढे हेकर यांनी तेलातला कर्ता रेणू वेगळा केला, तो फॉरबॉलचा एस्टर, प्रयोगशाळांच्या बोलीत टीपीए. आणि १९८२ साली निशिझुका यांच्या प्रयोगशाळेतून, मोनिक कास्ताना यांच्या नावाने, निष्कर्ष प्रसिद्ध झाला की टीपीए प्रोटीन कायनेझ सीला थेट सुरू करते. डायअसिलग्लिसरॉलच्या जागीच ते बसते.

ते कसे बसते हे १९९५ साली जेम्स हर्ली आणि सहकाऱ्यांनी डेल्टाच्या सी१ भागाच्या स्फटिकात पाहिले, आणि ते चित्र मी दरवर्षी वर्गात दाखवतो. सी१ च्या वरच्या टोकाला एक लहान खाच असते. तिच्या कडा जलद्वेष्ट्या आहेत, पण खाचेच्या आतला भाग पाण्याला जवळ करणारा, म्हणून हे टोक पटलाच्या स्निग्ध थरात नीट रुतत नाही. फॉरबॉल त्या खाचेत बसतो आणि ती बुजवून टाकतो. प्रथिनाचा आकार जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो फक्त पृष्ठभाग, आता वरपासून खालपर्यंत सलग जलद्वेष्टा, आणि तो पटलात रुततो. डायअसिलग्लिसरॉल हेच करते, पण लवकर निघून जाते. फॉरबॉलला पेशी सहजी मोडू शकत नाही, त्यामुळे तो तासन्‌तास तिथेच राहतो.

तर्क सरळ होता. तेल गाठी वाढवते. तेल या कायनेझला सुरू करते. म्हणून हे कायनेझ सुरू राहिले की कर्करोग वाढतो. म्हणून ते बंद केले पाहिजे. औषधकंपन्यांनी या तर्कावर मोठा पैसा ओतला. स्टॉरोस्पोरीन हे जपानमध्ये सातोशी ओमुरा यांच्या गटाने १९७७ साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूतून काढलेले रसायन प्रोटीन कायनेझ सीला अत्यंत कमी मात्रेत बंद करते, हे १९८६ साली समजले; पण ते एटीपीच्याच खोबणीत बसत असल्यामुळे बहुतेक सगळ्याच कायनेझांना बंद करते. त्यापासून बनवलेले मिडोस्टॉरीन याच कायनेझसाठी घडवले गेले आणि अखेर २०१७ साली मंजूर झाले ते रक्ताच्या एका कर्करोगात, एफएलटी-३ नावाच्या वेगळ्याच कायनेझविरुद्ध. एन्झास्टॉरीन लिम्फोमाच्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले नाही. अल्फा बनवण्याचा जनुकाचा निरोपच पेशीत वाचला जाऊ नये अशा बेताचे अप्रिनोकार्सेन फुफ्फुसाच्या कर्करोगात रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या अशा चाचण्यांची पुढे जेव्हा एकत्र मोजदाद झाली, तेव्हा नेहमीच्या उपचाराला या औषधांची जोड दिल्याने प्रतिसाद सुधारण्याऐवजी घटल्याचे दिसले.

या सगळ्या काळात एक गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेला माहीत होती. पेशींना टीपीए दिले की काही मिनिटांत प्रोटीन कायनेझ सी जोरात सुरू होते, पण तेच रात्रभर ठेवले तर सकाळी ते विकर पेशीत उरतच नाही, कारण उघडे राहिलेले प्रथिन मोडीत निघालेले असते. ही माहिती इतकी सर्वश्रुत होती की एखाद्या कामात या कायनेझचा हात आहे का हे तपासायचे, तर संशोधक आदल्या संध्याकाळी टीपीए घालून ते संपवून टाकत. म्हणजे एकाच रसायनाची बाटली सकाळी 'सुरू करणारे' म्हणून वापरली जात होती आणि संध्याकाळी 'नाहीसे करणारे' म्हणून. उंदराच्या पाठीवर मात्र ते तेल आठवड्यामागून आठवडे पडत होते. गाठी सुरू झालेल्या विकरामुळे आल्या की संपलेल्या विकरामुळे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे नाही. पण तो विचारणाऱ्यांचा आवाज बारीक राहिला. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. १९८२ चा शोध इतका स्वच्छ होता, की त्याच्या पुढे घड्याळ लावून बसण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

सॅन दिएगोतल्या अलेक्झांड्रा न्यूटन यांना ती वाटली. २०१५ च्या जानेवारीत त्यांच्या गटाने, कोरिना अंताल पहिल्या लेखिका असलेल्या निबंधात, रुग्णांच्या गाठींमध्ये आढळलेल्या या घराण्याच्या उत्परिवर्तनांची तपासणी प्रसिद्ध केली. साडेपाचशेच्या आसपास नोंदींपैकी ४६ त्यांनी पेशींत घालून मोजल्या. बहुतेकांनी कायनेझ अधू केले होते किंवा पुरते निकामी केले होते; त्याला अधिक सक्रिय करणारे एकही नव्हते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत बीटाचे असे एक बिघडलेले जनुक त्यांनी दुरुस्त केले, तेव्हा उंदरांत त्या पेशींच्या गाठी लहान राहिल्या. २०१९ साली याच गटाने दाखवले की पीएचएलपीपी-१ नावाचे एक विकर नव्याने बनलेल्या प्रोटीन कायनेझ सीच्या शेपटावरचा फॉस्फेट काढून त्याची छाननी करते, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे छाननीचे विकर जिथे जास्त तिथे कायनेझ कमी असते.

इथे 'मग हे घराणे कर्करोगाला आवर घालणारे' असा फळा लिहून तास संपवता येत नाही. डोळ्यातल्या मेलॅनोमात जीएनएक्यू आणि जीएनए-११ ही जनुके बिघडलेली असतात, डायअसिलग्लिसरॉलचा ओघ थांबतच नाही, आणि तिथे प्रोटीन कायनेझ सी खरोखरच गाठीच्या बाजूने काम करते; त्याला बंद करणारे डॅरोव्हासर्टिब हे औषध त्या रोगात तपासले जात आहे. शिवाय फॉरबॉल फक्त याच घराण्याला धरतो असेही नाही, कारण सी१ भाग इतरही काही प्रथिनांत असतो. पण डोळ्याच्या रोगावरून आतड्याच्या रोगाचा निकाल लावायचा, ही जुनीच खोड आहे.

सांगलीत हा विषय हळदीपाशी आल्याशिवाय राहत नाही. मार्केट यार्डात सौद्याच्या दिवशी राजापुरी हळदीच्या पोत्यांची तोंडे उघडी असतात, खरेदीदार एखादे हळकुंड उचलून कडकन मोडतो, आतला केशरट रंग पाहतो, वास घेतो आणि मगच भाव बोलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जमिनीखाली सांभाळली आणि २००५ च्या महापुरात त्यातली कित्येक पेवे गेली. अशाच एका सौद्याला ओळखीच्या अडत्यांनी मला गाठले. "सर, ह्या हळदीनं कॅन्सर बरा होतो म्हणत्यात. मोबाईलवर रोज येतंय. मग हिचं औषध का करत न्हाईत?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्यांच्या थोरल्या भावजयीचे उपचार त्या वेळी मिरजेला चालले होते. मी त्यांना सांगितले ते असे. हळदीतल्या कर्क्युमिनने टीपीएमुळे सुरू झालेले प्रोटीन कायनेझ सी पेशींमध्ये दबते, असा निष्कर्ष १९९३ साली तैवानमधून आला होता, आणि त्या काळच्या तर्काप्रमाणे ती मोठी आनंदाची बातमी होती. पण कर्क्युमिन चाचणीच्या नळीत जवळजवळ सगळ्यांनाच दाबताना दिसते. ते स्वतः चमकते, गोळा होऊन बसते, प्रथिनांना चिकटते, मोडते, आणि त्यामुळे नळीतली मोजमापेच फसतात. पोटात घेतलेले रक्तात फारच थोडे पोहोचते. २०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या मते दुहेरी अंधत्व राखून, म्हणजे खरे औषध कुणाला मिळते हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू न देता केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नव्हती. आणि समजा त्याने हे कायनेझ खरेच दाबले असते, तरी आता आपल्याला ठाऊक आहे की पुष्कळ गाठींमध्ये ते आधीच अधू असते. त्याला आणखी दाबून काय मिळणार?

"म्हंजे खायची न्हाई?"

"आमटीत खुशाल घाला, अण्णा. वहिनींच्या गोळ्या बंद करून तिच्या कॅप्सूल मात्र सुरू करू नका, आणि जोडीला द्यायच्या असल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका."

ते समजले, असे मला वाटते. निदान मोबाईलवरचा तो मजकूर त्यांनी पुढे पाठवायचे थांबवले. आपल्या गावच्या मालाचा अभिमान मलाही आहे, पण अर्धवट शास्त्राचे लेबल चिकटवून तो वाढवावा असे मला कधी वाटले नाही.

अलीकडे माझे वाचन या घराण्याच्या मेंदूतल्या कामांकडे अधिक वळले आहे, कारण तिथे चित्र उलट दिशेने स्पष्ट होते आहे. गॅमा हा मुख्यतः मेंदूत आणि त्यातही लहान मेंदूच्या परकिंजे पेशींत असतो. त्याच्या जनुकातील बिघाडाने चालण्याचा तोल हळूहळू जाणारा एक आनुवंशिक आजार होतो, आणि त्यातल्या अनेक बिघाडांत अडवणारा पट्टा सैल झालेला आढळतो. २०१६ साली काही अल्झायमरग्रस्त कुटुंबांत अल्फाची अशी उत्परिवर्तने सापडली, ज्यांनी त्याची सक्रियता किंचितच वाढते. ती एवढी थोडी असते की विकर मोडीत निघत नाही, पण वर्षानुवर्षे थोडे जास्त काम करत राहते. कर्करोगात जे कमी पडते तेच इथे जास्त होते.

आणि तरीही याच अल्झायमरमध्ये ब्रायोस्टॅटिन नावाच्या, एका सागरी जीवापासून मिळवलेल्या रसायनाची चाचणी झाली ती प्रोटीन कायनेझ सीला चेतवणारे म्हणून. २०१७ साली आलेल्या तिच्या निकालात मुख्य उद्दिष्ट साधले नव्हते. ब्रायोस्टॅटिनही सी१ च्या त्याच खाचेत बसते, आणि तेही जास्त वेळ राहिले की विकर नाहीसे होते. म्हणून अशा चाचणीचा अहवाल हाती आला की मी निष्कर्षाच्या परिच्छेदाआधी मात्रा किती दिली आणि दोन मात्रांमध्ये किती दिवस सोडले, ते कोष्टक शोधतो.